शहराजवळ, जंगलाच्या कडेला: मोठं स्वतंत्र घर घेण्याआधी काय तपासावं, कोणत्या क्रमानं

प्रशस्त घर, चारही बाजूंनी मोकळं, मागे झाडी, आणि शहर गाडीनं अगदी जवळ. अशी जाहिरात वाचली की माणूस मनातल्या मनात सामान लावायला घेतो. मग घर बघायला जातो आणि थेट स्वयंपाकघरात शिरतो. ओटा केवढा, कपाटं किती, बाथरूमच्या फरशा कसल्या, यातच पहिली भेट संपते.

या लेखात क्रम उलटा आहे. ओटा, फरशा, रंग, अगदी खोल्यांची मांडणीसुद्धा पैसे टाकले की बदलता येते. जमिनीचा उतार, शेजारचं जंगल, घरापर्यंत येणारा रस्ता आणि ऊन कुठून येतं हे बदलता येत नाही. जंगलालगतच्या घराचा बराचसा खर्चही याच गोष्टींतून निघतो. झाडं पन्हळी भरतात, मुळं जमिनीतलं पाणी ओढतात, सावली भिंत वाळू देत नाही. म्हणून आधी बाहेर पाहायचं, मग झाडं आणि पाया, मग पाणी, मग घराचा आतला भाग, मग आग, सोयी नि शहराचं अंतर, आणि शेवटी कागद नि पैसे.

पायरी १: जाण्याआधी नकाशा

उपग्रहाचा नकाशा उघडा आणि घराचं छप्पर शोधा. जंगल घराच्या कोणत्या दिशेला आहे, ते टिपून ठेवा. नंतर जुनी उपग्रहचित्रं पाहा. जंगलाची कड पुढे सरकली आहे की मागे, मधे कुठे मोठी तोड झाली आहे का, शेजारच्या मोकळ्या जागेत पायवाटा किंवा बांधकाम उमटलं आहे का, हे त्यात दिसतं. आज दिसणारी झाडी कुणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न इथेच लिहून ठेवायचा. सरकारी राखीव जंगल असेल तर ती बहुधा टिकेल. खासगी जमीन असेल तर जाहिरातीतली ‘मागे झाडी’ ही दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, आणि तिच्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा मिळाला तर उत्तमच. घर उताराच्या पायथ्याशी आहे, मधे आहे की माथ्यावर, यावर पाणी आणि आग या दोन्हींचं गणित ठरतं. पुराच्या पट्ट्यांचे आणि वणव्याच्या धोक्याचे अधिकृत नकाशे जिथे उपलब्ध असतील तिथे तेही पाहून घ्या.

मग सावलीचा हिशेब. तो घरबसल्या होतो आणि करायला पाच मिनिटं पुरतात. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असतो, हे काढायचं तर ९० मधून त्या जागेचा अक्षांश वजा करा आणि आणखी २३.५ वजा करा. अक्षांश २० असेल तर उत्तर ४६.५ अंश येतं. अशा ठिकाणी २० मीटर उंच झाडाची दुपारची सावली साधारण १९ मीटर पडते. अक्षांश ५० असेल तर सूर्य जेमतेम १६.५ अंश चढतो आणि त्याच झाडाची सावली ६७ मीटरच्या पुढे जाते. म्हणजे एका ठिकाणी जे झाड अंगणापुरती सावली देतं, तेच दुसऱ्या ठिकाणी अख्खं घर, बाग आणि शेजाऱ्याचं अंगण झाकून टाकतं. उत्तर गोलार्धात जंगल घराच्या दक्षिणेला असेल तर हा हिशेब गंभीरपणे घ्या, उत्तरेला असेल तर फारसं बिघडत नाही. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. उष्ण प्रदेशात पश्चिमेची दाट झाडी हे मात्र वरदान असतं, दुपारनंतर भिंती तापत नाहीत. छपरावर सौर पॅनल बसवायचा विचार असेल तर हीच सावली ते ठरवेल.

पायरी २: पहिली भेट, घराकडे पाठ करून

दारात पोचलात की आत जाऊ नका. घराकडे पाठ करून उभे राहा आणि चारही बाजूंनी बाहेर पाहा. एजंट घाई करेल, करू द्या.

जमीन कुठून कुठे उतरते? पाऊस पडल्यावर पाणी घराकडे येईल की घरापासून दूर जाईल? वाळलेला पालापाचोळा कुठे साचला आहे ते बघा. वाऱ्याने आणि पाण्याने तो जिथे आणून टाकला आहे, तिथेच पुढेही पाणी येणार. घराभोवतीच्या पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन निदान १५ सेंटीमीटरनं घरापासून दूर उतरलेली असावी, हा अमेरिकी बांधकाम नियमांतला साधा निकष कुठेही वापरता येतो. लांब पट्टी, पाणसळ आणि मोजपट्टी एवढ्यात काम होतं.

आता झाडं. घराच्या सर्वांत जवळची मोठी झाडं मोजा. उंची मोजायला उपकरण लागत नाही. डोळ्यापासून ताणलेल्या हाताच्या मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढी काठी घ्या. हात सरळ ताणून काठी उभी धरा, काठीचं खालचं टोक मुठीतच ठेवा. मग मागे मागे सरकत जा. काठीचं खालचं टोक बुंध्याच्या तळाशी आणि वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तुम्ही उभे आहात तिथपासून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजेच झाडाची उंची. जमीन सपाट असली तर हा अंदाज बराच अचूक येतो. झाडापासून घराचं अंतर या उंचीपेक्षा कमी असेल, तर ते झाड पडलं तर छपरावर येऊ शकतं. त्याची तपासणी वृक्षतज्ज्ञाकडून करून घ्यायची, डोळ्यांवर भिस्त ठेवायची नाही.

पण तज्ज्ञ येण्याआधी डोळ्यांना जे दिसतं ते टिपा. बुंध्याच्या तळाशी अळंब्या किंवा टणक बुरशीचे थर, खोडातली पोकळी, वाळलेल्या मोठ्या फांद्या, आणि दोन जाड फांद्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या अरुंद कोनात फुटलेल्या जागी आत दबलेली साल. अशा खाचेतून झाड वादळात चिरतं. झाड एका बाजूला झुकलंय एवढ्यावरून घाबरू नका. पण झुकलेल्या बाजूच्या उलट अंगाला माती फुगलेली वा भेगाळलेली दिसली तर मात्र तो ताजा झुकाव आहे. १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या एका रात्रीच्या वादळात दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडं पडली. तेव्हा झाडांवर अजून पानं होती आणि आधीच्या पावसानं जमीन भिजून मऊ झालेली होती. वाऱ्याच्या वेगाइतकीच जमिनीची स्थितीही महत्त्वाची असते, ती अशी.

पायरी ३: मुळं, माती आणि पाया

या भागात लोक एक तर उगाच घाबरतात किंवा पूर्ण दुर्लक्ष करतात. म्हणून जरा सविस्तर.

झाडाची मुळं खोल जातात हा समज अर्धाच खरा आहे. पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं जमिनीच्या वरच्या ६० सेंटीमीटरच्या आसपास असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बऱ्याच बाहेर पसरतात. चांगला काँक्रीटचा पाया मुळं सहसा फोडत नाहीत. खरी गडबड पाण्याची असते. चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. मोठं झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढून घेतं, माती आकसते, आणि त्या बाजूचा पाया खाली बसतो. वाळू किंवा मुरुमाच्या जमिनीत हा त्रास जवळजवळ नसतो. म्हणून पहिला प्रश्न झाडाचा नाही, मातीचा आहे.

मूठभर माती ओली करून तळहातांमध्ये वळा. न तुटता तिची बारीक दोरी वळली गेली तर तीत चिकणमाती भरपूर आहे. उन्हाळ्यात अंगणात रुंद भेगा पडतात का, हे शेजाऱ्यांना विचारा. १९७६ च्या दुष्काळात ब्रिटनमध्ये अशाच मातीवरची असंख्य घरं खचली आणि विमा कंपन्यांकडे दाव्यांची रीघ लागली. झाडांजवळ पाया किती खोल हवा, याचे तिथले निकष त्यानंतर कडक झाले.

मग ‘झाडच तोडून टाकू’ असं वाटणं साहजिक आहे. तेच करू नका, निदान सल्ल्याशिवाय नको. वर्षानुवर्षं पाणी ओढणारं झाड गेलं की कोरडी माती हळूहळू पाणी पिऊ लागते, फुगते आणि पाया वर उचलते. हा त्रास पुढे कित्येक वर्षं चालू राहू शकतो. विक्रेत्यानं अलीकडेच घराजवळचं एखादं मोठं झाड काढलं असेल, तर ते कधी आणि का काढलं हे विचारायलाच हवं. अंगणात ताजा बुंधा दिसला तर तो प्रश्न तिथेच, मालकासमोर.

आता भिंतींवरच्या भेगा पाहा. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी किंवा विटांच्या थरांतून पायऱ्यांसारखी चढत गेलेली, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळती, आणि आत-बाहेर एकाच जागी दिसणारी भेग ही पाया हलल्याची खूण असते. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या बारीक रेषांकडे लक्ष देऊ नका, त्या गिलावा सुकताना पडतात. रुंदीचा अंदाज घ्यायला ब्रिटनच्या इमारत संशोधन संस्थेची विभागणी सोयीची आहे. १ मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामात जाते. ५ मिलिमीटरपर्यंत बुजवून भागतं, दारं थोडी घासत असतील. ५ ते १५ मध्ये भिंत उघडून दुरुस्ती लागते, तिथून पुढे काम वाढत जातं, आणि २५ च्या पुढे भिंतीचा भाग पाडून बांधायची वेळ येते. भेगेत नाणं सरकवून पाहणं ही जुनी युक्ती आहे, पण मोजपट्टी धरून फोटो काढला तर इंजिनिअरला पाठवता येतो.

नुकताच रंगवलेला एखादाच कोपरा दिसला तर त्याच्यापाशी जरा जास्त वेळ थांबा.

पायरी ४: पाण्याचा माग, छपरापासून मातीपर्यंत

दुसरी भेट पावसात द्या, भर पावसात. विक्रेत्याला विचित्र वाटेल, वाटू दे. अशा एका भेटीत घर जेवढं बोलतं तेवढं कोरड्या दिवसाच्या चार भेटींत बोलत नाही.

छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटरला १ लिटर पाणी जमतं. छप्पर १५० चौरस मीटरचं असेल आणि एका सरीत २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर ३,७५० लिटर पाणी त्या पन्हळींतून जायला हवं. जंगलालगतच्या घरात पन्हळी पानांनी भरतात. पाणी वळचणीवरून सरळ भिंतीवर किंवा पायाशी ओतू लागतं, आणि पुढची सगळी कहाणी तिथून सुरू होते. म्हणून पन्हळीच्या खालच्या भिंतीवर हिरवट-काळे ओघळ आहेत का ते पाहा. पन्हळीत रोपं उगवली असतील तर सफाई कधी झाली याचं उत्तर विचारायची गरज नाही. पन्हळीचं पाणी खाली आल्यावर जातं कुठे? नळीचं तोंड भिंतीच्या बुडाशीच उघडं असेल, तर रोज पायाला पाणी घातल्यासारखंच आहे.

छपराच्या सावलीतल्या पाख्यावर शेवाळ असणं नेहमीचं आहे. थोडं शेवाळ म्हणजे आपत्ती नाही. कौलं सरकली आहेत का, आढ्यावरचा चुना-सिमेंट सुटला आहे का, धुराड्याच्या किंवा भिंतीच्या सांध्यावरचा पत्रा उचकटला आहे का, हे दुर्बिणीतून जमिनीवरूनही दिसतं. फांद्या छपराला घासत असतील तर त्या दोन मीटर तरी मागे छाटावी लागतील, हा खर्च लिहून घ्या.

खाली जोत्यापाशी वाका. बाहेरची माती, फुलझाडांचे वाफे किंवा नवी फरशी भिंतीतल्या ओल रोखणाऱ्या थराच्या वर चढली आहे का? तो थर बाहेरच्या जमिनीपासून साधारण १५ सेंटीमीटर वर असावा. बागेच्या हौसेपायी माती चढत जाते आणि भिंत ओल धरते. अशा ओलीवर महागडी रसायनं भरून घेण्याआधी नुसती माती खाली उतरवून एक ऋतू थांबणं शहाणपणाचं, आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

पायरी ५: लाकूड आणि त्याचे पाहुणे

हातात एक जाडसर टोच्या आणि विजेरी घेऊन माळ्यावर चढा. वासे, तुळया, खिडक्यांच्या चौकटींचा खालचा भाग आणि पायऱ्यांखालची लाकडं टोचून पाहा. मालकाची परवानगी घेऊन, अर्थात. चांगल्या लाकडात टोक अडतं, कुजलेल्यात लोण्यासारखं शिरतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर आणखी बरं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी सहसा तग धरत नाही, म्हणून तो आकडा लक्षात ठेवा.

वाळवीच्या मातीच्या नळ्या पेन्सिलीएवढ्या जाड असतात आणि जोत्यावरून, खांबांवरून वर चढत जातात. एखादी नळी मधेच मोडून ठेवा, पुढच्या भेटीत ती पुन्हा जोडलेली दिसली तर वारूळ जिवंत आहे. भिंतीला टेकवून रचलेलं सरपण दिसलं तर ते हलवून पाहा. जंगलाकाठच्या घरांत वाळवीला आणि उंदरांना घरात यायचा सोपा रस्ता बहुतेक वेळा तोच असतो.

माळ्यावर वटवाघळं असू शकतात. त्यांच्या लेंड्या बोटांत चोळल्या की चुरा होतो, उंदराच्या होत नाहीत. मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय मात्र हे करू नका. अनेक देशांत वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा त्यांना हुसकून माळ्यावर खोली काढायचा बेत असेल तर आधी नियम पाहा.

पायरी ६: आता आत या

‘प्रशस्त’ या शब्दावर विश्वास ठेवण्याऐवजी मोजपट्टी वापरा. जाहिरातीतले फोटो रुंद भिंगातून काढलेले असतात, त्यांत पलंगसुद्धा होडीएवढा दिसतो. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी घ्या आणि दारं, खिडक्या, रेडिएटर (खोली गरम ठेवणारं भिंतीवरचं उपकरण) नि येण्याजाण्याची वाट सोडून भिंतीला टेकवून सामान ठेवायला किती जागा उरते ते पाहा. मोठ्या घरातही लांबलचक व्हरांडे आणि कोनाकोपऱ्यांत गेलेली जागा बरीच असते. कुटुंबासाठी घेताना मला दोन गोष्टी खोल्यांच्या संख्येहून मोलाच्या वाटतात. तळमजल्यावर एक निजायची खोली आणि तिला लागून न्हाणीघर आहे का? आणि एकाला झोपायचं असेल तेव्हा दुसऱ्याला मोठ्यानं बोलता येईल असं दोन भागांत घर विभागलं जातं का?

स्वतंत्र घराला चारही भिंती उघड्या असतात, याची किंमत दर महिन्याच्या बिलात दिसते. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सहा मीटर उंच घराच्या बाहेरच्या भिंती २४० चौरस मीटर भरतात. तेच घर रांगेत मधोमध असतं तर उघड्या भिंती निम्म्याच, १२० चौरस मीटर राहिल्या असत्या. थंडी असो वा उकाडा, आत-बाहेरच्या उष्णतेची देवाणघेवाण या क्षेत्रफळाच्या प्रमाणात होते. म्हणून मागच्या वर्षभराची वीज-इंधनाची बिलं मागा, आणि घरात तेव्हा किती माणसं राहत होती तेही विचारा. माळ्यावर आणि भिंतींत उष्णतारोधक थर आहे का, केवढा जाड, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का, याची नोंद करा.

जंगलाच्या बाजूच्या खोल्यांत शिरताच वास घ्या. कपाटाच्या मागची भिंत आणि बंद खोलीचा कोपरा हातानं चाचपा. सुगंधी मेणबत्त्या आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या दिसल्या तर त्या बंद करायला सांगा आणि अर्ध्या तासानं परत या. घरातली सापेक्ष आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली की भिंतींवर बुरशी धरते.

तळघर असेल किंवा घर खडकाळ प्रदेशात असेल तर रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची चाचणी करून घ्या. त्याला वास नसतो, रंग नसतो, तो जमिनीतून झिरपतो, आणि धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते एक प्रमुख कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरांसाठी घनमीटरला १०० बेक्वेरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) ही संदर्भपातळी सुचवली. पातळी जास्त निघाली म्हणून घर सोडायची गरज नाही, पंखा आणि नळी बसवून ती खाली आणता येते. जुन्या घरात शिशाचे नळ, शिशाचा रंग आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे यांचीही चौकशी करा. ॲस्बेस्टॉस न हलवता शाबूत असेल तोवर ठीक, पण नूतनीकरणात ते फोडावं लागलं तर खर्च अचानक चढतो.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्या. जुनाट फ्यूजचा बोर्ड, अर्थिंग नसलेली सॉकेटं आणि खोलीत एकच सॉकेट दिसलं तर वायरिंग पुन्हा करायचं आहे असं धरून चाला.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. १९८४ मध्ये रॉजर उल्रिच यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक छोटा अभ्यास मांडला. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान होता, त्याचा फार मोठा दाखला देऊ नये. तरी घरात जास्त वेळ जिथे बसणं होतं त्या खिडकीतून झाडी दिसते की नुसत्या जिन्याच्या खिडकीतून, हे पाहा. झाडीचे पैसे तुम्ही मोजणार आहात.

पायरी ७: आग आणि बाहेर पडायचा रस्ता

कोरड्या हवामानात जंगलालगत राहायचं तर हा भाग सोडू नका. वणव्यात घरं बहुतेक वेळा समोरून आलेल्या ज्वाळांच्या भिंतीनं पेटत नाहीत. वाऱ्याबरोबर उडत आलेल्या ठिणग्या पन्हळीतल्या वाळल्या पानांत, लाकडी ओसरीखाली किंवा माळ्याच्या झरोक्यात जाऊन पडतात आणि घर आतून पेटतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावात आणि आसपास वणव्यात १८,००० हून अधिक इमारती जळाल्या आणि ८५ माणसं गेली. तिथे राख झालेल्या घरांच्या शेजारी हिरवी झाडं उभी होती.

यातून निघालेले नियम सोपे आहेत. भिंतीपासून पहिल्या १.५ मीटरमध्ये जळण्यासारखं काही नको, तिथे खडी किंवा फरशी हवी. त्यापुढे ९ मीटरपर्यंत झाडाझुडपांत अंतर आणि खालच्या फांद्या छाटलेल्या. त्याच्याही पुढे ३० मीटरपर्यंत विरळणी. झरोक्यांना ३ मिलिमीटरची धातूची जाळी. पण इथे एक मेख आहे. ३० मीटर म्हणजे बहुतेक वेळा शेजाऱ्याची किंवा वनखात्याची जमीन. तिथली विरळणी तुमच्या हातात आहे का, हे खरेदीआधी कळायला हवं. घर उताराच्या माथ्यावर असेल तर अंतरं वाढवा, कारण आग चढावर वेगानं धावते.

अग्निशमन गाडी दारापर्यंत येते का? ब्रिटनमधल्या मार्गदर्शक तत्त्वांत रस्ता निदान ३.७ मीटर रुंद हवा आणि २० मीटरपेक्षा लांब बंद गल्लीत गाडी वळवायला जागा हवी, असं आहे. अमेरिकेत सुमारे ६ मीटर रुंदी धरतात. तुमच्याकडचा नियम काहीही असो, मोजपट्टीनं फाटक मोजा आणि वर लोंबणाऱ्या फांद्याही बघा. बाहेर पडायला एकच रस्ता असेल तर तो कोणत्या बाजूनं जातो, जंगलातून की शहराकडे?

पायरी ८: सोयी

शहराच्या इतक्या जवळ असूनही अशी घरं अनेकदा शहराच्या मलवाहिनीला जोडलेली नसतात. सेप्टिक टँक असेल तर तो कुठे आहे, झाकण कुठे, शेवटचा उपसा कधी झाला, याची पावती मागा. तीन ते पाच वर्षांतून एकदा उपसा ही अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची सर्वसाधारण शिफारस आहे. सांडपाणी जमिनीत मुरवण्याच्या जागेवर झाडं नकोत, मुळं नळ्यांत शिरतात. तिथलं गवत बाकीच्यापेक्षा फारच तजेलदार आणि जमीन पायाखाली दबत असेल, तर व्यवस्था तुंबली आहे. पाणी विहिरीचं किंवा कूपनलिकेचं असेल तर जिवाणू आणि नायट्रेटची चाचणी आधी करा आणि पुढे दरवर्षी करा.

मोबाइलचा सिग्नल प्रत्येक खोलीत पाहा, इंटरनेटची तार कुठवर आली आहे ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. अंगणात मुलं खेळणार असतील तर गवत आणि जंगल यांच्यामध्ये मीटरभर रुंद खडीचा किंवा लाकडी भुशाचा पट्टा आखायची जागा ठेवा, त्यानं गोचिडी अंगणात येणं कमी होतं.

पायरी ९: शहर नक्की किती जवळ?

किलोमीटर विचारू नका. कामाच्या दिवशी सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेला त्या घरापासून स्वतः निघा. संध्याकाळी परत या. रात्री शेवटची बस कधी, तिथून घरापर्यंतच्या रस्त्याला दिवे आहेत का, पदपथ आहे का? मुलं पंधरा-सोळा वर्षांची झाली की तुम्हीच त्यांचे चालक होणार की ती आपली आपण येतील-जातील, हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात. दवाखाना किती लांब आणि रुग्णवाहिकेला यायला नेहमी किती वेळ लागतो, हे शेजाऱ्यांना विचारा. सुट्टीच्या दिवशीही एक चक्कर मारा. जंगलात फिरायला येणारी मंडळी गाड्या कुठे लावतात, ते त्याच दिवशी कळतं.

पायरी १०: कागद, मग पैसे

मालकी, बोजा आणि हद्द या तीन गोष्टी वकिलाकडून तपासून घ्या. जंगलालगतच्या घरात हद्दीवर भर द्या. कुंपण एका जागी आणि नकाशातली रेषा दुसरीकडे, असं इथे वारंवार आढळतं, कारण मागची जमीन कुणी मोजतच नाही. मोजणी करून घ्या. तुमच्या अंगणातून जंगलात जायची कुणाची जुनी वहिवाट आहे का? तुमच्या दारापर्यंतचा रस्ता सार्वजनिक आहे की खासगी, आणि खासगी असेल तर डागडुजी कोण करतं? हद्दीवरच्या झाडांपैकी कोणती तुमची? त्यांतली कोणती कायद्यानं संरक्षित आहेत? जंगलाभोवती बांधकामाला मनाई असलेला पट्टा आहे का? नसेल तर मागे खोली वाढवता येईल, असेल तर घर आहे तेवढंच राहणार. आधीच वाढवलेल्या भागाला परवानगी होती का, तेही बघा.

विम्याचा आकडा इसार देण्याआधी घ्या. पाया खचण्याचा इतिहास, पुराचा पट्टा किंवा वणव्याचा पट्टा असेल तर काही ठिकाणी विमाच मिळत नाही, आणि विमा नाही तर कर्जही अडतं. शिवाय उद्या तुम्हाला घर विकायचं झालं तर पुढच्या खरेदीदारालाही हीच अडचण येणार.

मग भाव. ‘घर जुनं आहे, कमी करा’ असं म्हणून काही पदरात पडत नाही. दुरुस्त्यांची यादी करा, प्रत्येक कामासाठी कंत्राटदाराचा लेखी अंदाज जोडा आणि ती यादी समोर ठेवून बोला. पन्हळी, रंग, एखाददुसरी फांदी यांवरून घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. पाया, छप्पर, सांडपाणी आणि वायरिंग या चारांवर बोला. करारात अट घाला की इंजिनिअरची पाहणी समाधानकारक निघाली नाही तर इसार परत मिळेल. दरवर्षीची झाडछाटणी, पन्हळींची सफाई आणि रस्त्याची वर्गणी यांचा आकडा हप्त्यात मिळवून मगच परवडतं का ते ठरवा.

सोडून कधी द्यावं? वाढत असलेली भेग आणि मालक इंजिनिअर आणू देत नाही, रस्त्याच्या हक्काचा कागद नाही, किंवा विमा मिळत नाही, यांतलं काहीही एक असेल तर मी पुढे जाणार नाही. ओल, जुनी वायरिंग, गळकं छप्पर यांना घाबरू नका, ती भावात बसवायची कामं आहेत.

ताबा घ्यायच्या दिवशी मालकाला बरोबर घेऊन पाण्याचा मुख्य कॉक, विजेचा मुख्य स्विच, सेप्टिक टँकचं झाकण आणि हद्दीचे दगड प्रत्यक्ष दाखवून घ्या, आणि तिथल्या तिथे फोटो काढा. मीटरचे आकडे दोघांच्या सहीनं लिहा. कुलपं त्याच दिवशी बदला. पन्हळींच्या सफाईची तारीख पानगळ संपते त्या आठवड्यातली ठरवून माणसाला आताच सांगून ठेवा, कारण त्या आठवड्यात जंगलाकाठच्या प्रत्येक घराला तोच माणूस हवा असतो.